साडेपंधरा इंचांचा नळा

१२ जानेवारी

प्रिय टाचणी,

पाकीट फोडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकलो. माझं अक्षर ओळखून तू ते न उघडताच कपाटात टाकशील, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं होतं. मी म्हटलं, ती रागावेल, पण शंका विचारणाऱ्याला परत पाठवणार नाही; मास्तरीण आहे शेवटी.

आई गेली तेव्हा आलीस, दोन तास थांबलीस आणि गेलीस, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून वर्षाकाठी एक कार्ड. तुझ्या कार्डावर नुसती सही, माझ्या कार्डावर 'इकडे सगळे ठीक'. दोघंही सारखेच खडूस.

तर शंका. एका लॉन्ड्रीत कपडे वाळवायची तीन यंत्रं आहेत. त्यांच्या गरम हवेच्या तीन नळ्या, तीन इंची, चार इंची आणि बारा इंची, एकाच मोठ्या नळ्यात सोडायच्या आहेत. दोन नळ्या असत्या तर प्रश्नच नव्हता. लोखंडी गुण्याचे दोन हात काटकोनात जोडलेले असतात. एका हातावर पहिल्या नळीची रुंदी खुणवायची, दुसऱ्यावर दुसरीची, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर मोजायचं. तेवढ्या रुंदीचा नळा केला की दोन्ही नळ्यांची हवा त्यात बिनबोभाट मावते. आपल्या दुकानात पणजोबांपासून हेच चालत आलं. हा तर शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत, फक्त बाजूंवर चौरसांऐवजी वर्तुळं काढली आहेत, असं तू पंधराव्या वर्षी जाहीर केलंस, तेव्हा बाबांनी हातोडी खाली ठेवून विचारलं होतं, "माझ्या आजोबांची युक्ती तुझ्या पुस्तकात गेली कशी?" आठवतं? आठवडाभर ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते की शाळेवाल्यांनी आपली युक्ती चोरली. कौतुक करायची त्यांची ती पद्धत होती.

पण नळ्या तीन असल्या तर? गुण्याला तर दोनच हात. तेवढं कळव.

दुकान हलवतो आहोत. जुनी इमारत पाडणार आहेत. घराजवळ एक खोली मिळाली आहे, माझ्या उरलेल्या कामाला पुरेल. बाबा शहाऐंशीचे झाले. डोळ्यांनी उजेड कळतो, बाकी फारसं नाही. रोज खुर्ची टाकून दुकानात बसतात आणि प्रत्येक हत्यार हातात घेऊन, चाचपून, मगच खोक्यात टाकू देतात. भिंतीला ठोकलेलं मोठं टेबल काल उखडलं. मागून काय काय निघालं म्हणून सांगू! तुझी एक रिबीन, खिळे, मेलेली पाल, एक जुना गुण्या, आईचा हरवलेला चष्मा.

बाकी सगळे ठीक.

तुझा दादा


२ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

वहिनी हरली! तुझं पाकीट तिच्याच हातात पडलं, आणि ते मला देताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

खोलीच्या कोपऱ्याचं चित्र चटकन समजलं. तीन आणि चार जमिनीवर, एकेका भिंतीच्या कडेनं. बारा कोपऱ्यातून सरळ वर. मग खालच्या तिरक्या पाचावर बारा उभे राहिले आणि समोरच्या टोकापर्यंत तेरा. म्हणजे गुण्या दोनदा लावायचा, एवढंच. खरं सांगू? हे मला येत होतं. हसू नकोस. पत्राला काहीतरी निमित्त लागतं ना.

पण खाली बारीक अक्षरात जे लिहिलंस, ते मात्र मला ठाऊक नव्हतं: "दादा, चौरसच पाहिजे असं नाही, वर्तुळच पाहिजे असंही नाही. तिन्ही बाजूंवर कोणताही आकार काढ, फक्त तिन्हींचा तोंडवळा एकच हवा आणि लहान-मोठेपणा बाजूच्या मापात हवा. तुझं नाक काढलंस तरी दोन लहान नाकं मिळून मोठ्या नाकाएवढीच भरतील."

आता तू असं लिहिल्यावर मी गप्प बसणार होय? वहिनीला दिव्यासमोर उभं केलं, मी मधे बसलो, भिंतीवर सावली पाडून तिनं माझ्या नाकाची कड कागदावर उतरवली. मग एकाच पत्र्यातून तीन नाकं कापली: तीन इंची, चार इंची, पाच इंची. आयुष्यात स्वतःचं नाक स्वतःच्या हातानं तीनदा कापून घेणारा मी पहिलाच असेन. भंगाराचा तराजू टांगला. एका पारड्यात दोन लहान, दुसऱ्यात एक मोठं. काटा थरथरला आणि बरोबर मधे थांबला.

टाचणी, मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, टाळ्या वाजवल्या! बाबा म्हणाले, "काय झालं रे?" मी त्यांच्या हातात मोठं नाक दिलं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तर माझं आहे." मग विचारलं, "कुणी सांगितलं हे करायला?" मी म्हटलं, तुमच्या लेकीनं. त्यांनी नाक खिशात घातलं, अजून परत दिलेलं नाही.

अजून एक शंका आहे. कोपरा सरळ नसला तर? म्हणजे समज, गुण्याच काटकोनात नसला, जरासा मिटलेला असला, तर तिरक्या मापात किती फरक पडेल? सहजच विचारतोय. गिऱ्हाइकाची भिंत वाकडी आहे.

तुझा दादा


१९ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

तुझा कागद मिळाला. कोन काटकोनापेक्षा लहान झाला की समोरचं अंतर आखडतं, हे मला हातानं कळतं; कात्री मिटत आली की तिची टोकं जवळ येतातच. पण किती आखडतं याचाही नियम आहे, दोन्ही हातांची मापं आणि काटकोनापासूनचा कल यांवरून ती तूट बरोबर काढता येते, आणि कल शून्य झाला की तोच जुना सिद्धांत परत हाती येतो, हे वाचून गंमत वाटली. जुना सिद्धांत म्हणजे या मोठ्या सिद्धांताचा सरळ वागणारा मुलगा, असं तू लिहिलंस. छान लिहितेस. पोरं भाग्यवान आहेत तुझी.

खाली मात्र दोनच प्रश्न: "किती अंश? आणि का विचारतोयस?"

सांगितलं ना, भिंत वाकडी आहे.

आता महत्त्वाचं. टेबलामागून निघालेला तो गुण्या मी भंगारात टाकला होता. बाबांनी भंगारही चाचपलं. दांड्यावरची त्यांच्या आजोबांची खूण बोटाला लागली, आणि त्यांचा हात जो थांबला तो थांबलाच. "हा आपला हरवलेला," म्हणाले. मग पत्रा मागितला, कडेला गुण्या टेकवून रेघ ओढली, गुण्या पालथा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ ओढली. दर सोमवारी सकाळी करायचे ना, तसंच. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकीवर एक पडतात. त्यांनी नखानं रेघा चाचपल्या. वर जाता जाता दोन रेघांमधे बोट मावायला लागलं.

"हा पडलाय," ते म्हणाले. "पडलाय, आणि कुणीतरी ठोकून सरळ करायला बघितलंय. कुणी पाडला?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

मग गुण्या मांडीवर घेऊन म्हणाले, "म्हणजे पोरीनं पाडला. आणि भीतीनं लपवला." दुसऱ्या दिवशी मला कागद घेऊन बसवलं आणि तुला पत्र सांगितलं. शब्द त्यांचे, अक्षर माझं. ते असं:

"चि. टाचणीस, तुझ्या बापाचा आशीर्वाद. गुण्या सापडला. तुझ्या हातून पडला असेल. हत्यार माणसाच्याच हातून पडतं, त्याचं काही नाही. लपवलास ते वाईट केलंस. पण तू लहान होतीस आणि मी कडक होतो, तेव्हा तुला सांगायची हिंमत झाली नसेल. मी ते मनातून काढून टाकलं आहे. तुला माफ केलं आहे. आता जास्त दिवस नाहीत. एकदा येऊन जा."

पाठव म्हणाले, म्हणून पाठवतो आहे. ये गं. खरंच ये.

तुझा दादा


६ मार्च

टाचणी,

तुझं चार पानी पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा उभ्यानं.

"चौतीस वर्षांपूर्वी गुण्या वाकडा होता हे मला ते घर सोडल्यावर दोन वर्षांत कळलं. वर्गात तो नियम शिकले आणि त्याच दिवशी उलटं गणित मांडलं. साडेपंधरा येण्यासाठी गुण्या बरोबर तीन अंश मिटलेला हवा. बाबांसारखा माणूस आपला गुण्या तीन अंश चुकला हे ओळखणार नाही? त्यांना ठाऊक होतं. दुकानाचं नाव जाऊ नये म्हणून त्यांनीच तो लपवला, 'हरवला' म्हणून उठवलं आणि सगळं माझ्यावर ढकललं. मी सगळं विसरले असते, दादा, हे नाही. आणि आज ते मला माफ करतात?"

बाबांना ठाऊक नव्हतं, टाचणी. त्यांनी तो लपवला नाही. मी लपवला.

आता सगळं सांगतो, क्रमानं, नाहीतर मी पुन्हा कुठेतरी सटकेन.

तो बेकरीचा आठ भट्ट्यांचा धुराचा नळा. बाबा टायफॉइडनं तीन आठवडे अंथरुणावर. मी चोवीसचा, तू एकोणीसची, आणि दुकान आपल्या दोघांवर. मी बेकरीच्या माळ्यावर चढून मापं घेत होतो. कात्री, टेप, गुण्या सगळं एकाच हातात, कारण खाली उतरून दुसरी खेप घालायचा आळस. गुण्या सुटला आणि खालच्या दगडी पायरीवर टोकावर आदळला. मी खाली आलो, बघितला, वाकला होता. तिथंच पायरीवर ठेवून हातोडीनं ठोकला. डोळ्याला सरळ वाटेपर्यंत ठोकला. पालथा करून तपासला नाही. मुद्दामच तपासला नाही, कारण तपासला असता तर कळलं असतं.

तू तो घेऊन बसलीस. सहा इंची आठ नळ्या. एक एक जोडत गेलीस: पहिल्या दोन्हींचं तिरकं माप, ते एका हातावर, तिसरी दुसऱ्या हातावर, पुन्हा तिरकं माप. सात वेळा. दर वेळी थोडं थोडं कमी येत गेलं आणि सातही वेळची तूट साचत गेली. मग तू माझ्याकडे आलीस. टेबलाशी उभी राहून म्हणालीस, "दादा, कागदावर सतरा येतात, सतराला केसभर कमी. गुण्यावर साडेपंधराच येतात. काय करू?"

मला त्या क्षणी कळलं होतं, टाचणी. तू विचारलंस त्याच क्षणी. पायरीवरचा आवाज माझ्या कानात पुन्हा वाजला. आणि मी म्हणालो, "गुण्या खोटं बोलत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस आणि कागद खोडलास. स्वतःचं बरोबर उत्तर माझ्या शब्दाखातर खोडलंस. गुण्याचं एकवेळ बाजूला ठेवू, पण हे मला कधीही विसरता आलं नाही.

पुढचं तुला माहीतच आहे. आठही भट्ट्या पेटल्या, सहावा हिस्सा धूर बाहेर पडायला जागा नाही, तो आत परतला. पिठानं पांढरी झालेली माणसं काजळीनं काळी होऊन रस्त्यावर आली. म्हातारा भट्टीवाला चक्कर येऊन पडला, दोन दिवस दवाखान्यात होता. बाबा तापातून उठून तिथं गेले, नळा मोजला आणि विचारलं, "हे माप कुणी काढलं?" तू म्हणालीस, मी. तू म्हणालीस, कागदावर सतराच होते, पण गुण्यावर साडेपंधरा आले. बाबांनी मला गुण्या आणायला पाठवलं. मी तो टेबल आणि भिंतीच्या फटीत सारला आणि रिकाम्या हातानं येऊन म्हणालो, सापडत नाही.

तेव्हा बाबा म्हणाले, सगळ्यांच्या देखत, "नाचता येईना, अंगण वाकडं! म्हणे गुण्याची चूक. हत्याराला दोष देणाऱ्यानं माझ्या दुकानात पाऊल टाकायचं नाही."

अंगण खरंच वाकडं होतं. ते कुणी वाकडं केलं हे सांगू शकणारा एकच माणूस तिथं उभा होता, आणि त्यानं खाली मान घातली होती. तू सुटकेस भरलीस तेव्हा मी तुला पट्टा आवळायला मदत केली. तू माझे आभार मानलेस.

त्यानंतर चौतीस वर्षं मी रोज त्या टेबलाशी काम केलं. माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर तो पडला होता. उद्या सांगू, असं म्हणत गेलो. मग तू मोठी प्राध्यापक झालीस आणि मी मनाची समजूत घातली की बरंच झालं, नाहीतर ती इथं पत्रे ठोकत बसली असती. बघ, माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडतो.

मला वाटत होतं तू माझ्यावर रागावली आहेस, थोडीफार बाबांवर. तू इतकी वर्षं बाबांना खोटारडं समजत होतीस, हे मला तुझं पत्र येईपर्यंत माहीत नव्हतं. ते कडक आहेत, तोंडाचे फटकळ आहेत, पण खोटे नाहीत. माझ्यामुळे तुझा बाप गेला, आणि तो तर इथं खुर्चीत बसला आहे, नाक खिशात घेऊन.

माफी मागत नाही, कारण ती मागायला कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. पण तुझ्यावर माझा फार जीव आहे. तो तेव्हाही होता. एवढं एक खोटं नाही.

दादा


२१ मार्च

प्रिय टाचणी,

सहा ओळींचं पत्र आलं. त्यातल्या पाच इथं उतरवून काढतो, म्हणजे मला पुन्हा एकदा वाचाव्या लागतील:

"मी चौतीस वर्षं चुकीच्या माणसावर रागावले. माझं उत्तर चुकलं याचाच मला जास्त राग आलाय. तुझ्याशी सवडीनं भांडेन, त्याची काळजी करू नकोस. आधी बाबांना सांग. तू सांगितल्याशिवाय मी येणार नाही, कारण मी सांगितलं तर ते पुन्हा नाचता येईना अंगण वाकडंच होईल."

कबूल. पण डॉक्टर म्हणतात हृदय अगदी नाजूक आहे, त्यांना कसलाही धक्का देऊ नका. काल मी हे वहिनीला सांगत होतो (तिलाही परवाच सगळं सांगितलं, दोन वेळा जेवण वाढलं नाही, तिसऱ्या वेळी आदळलं). ती म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचं सांगितलं. तुम्ही आपलं झाकताय."

रविवारी सांगतो. नक्की.

दादा


३ एप्रिल

प्रिय टाचणी,

रविवारी नाही सांगितलं. त्यानंतरच्या मंगळवारी सांगितलं. पण सांगितलं.

नवी खोली लागली होती. बाबा खिडकीपाशी बसले होते, तो वाकडा गुण्या मांडीवर. मला म्हणाले, "पोरीचं उत्तर नाही आलं. माफ करूनही येत नाही म्हणजे फारच हट्टी." मी त्यांच्या पायाशी बसलो. वर बघायची गरज नव्हती, त्यांना दिसत नाही, तरी मी खालीच बघत होतो. म्हटलं, बाबा, गुण्या तिनं नाही पाडला. मी पाडला. पायरीवर ठोकलाही मीच, फटीत सारलाही मीच. आणि तिनं मला सतरा सांगितले होते, तेव्हा गुण्या खोटं बोलत नाही असं म्हणणाराही मीच.

मी मार खायच्या तयारीनं बसलो होतो. या वयात, त्यांच्या म्हाताऱ्या हातांचा. खिडकीतून बाहेरच्या सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या. मग बाबा म्हणाले, "चौतीस वर्षं रोज सकाळी तू मला चहा दिलास. बारा हजार सकाळी झाल्या. त्यातली एकही सापडली नाही तुला?"

मी रडलो, टाचणी. चांगला हमसून रडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, पण ऊठ असंही म्हणाले नाहीत.

चार दिवस माझ्याशी अवाक्षर नाही. मी दिलेला चहा प्यायचे, कप परत द्यायचे, बस. पाचव्या दिवशी म्हणाले, "नवा गुण्या आण. आणि ती मापं पुन्हा घाल. माझ्यासमोर."

नवा गुण्या त्यांनी आधी पालथा घालून तपासला. मग मी सात वेळा मापं जोडली. दर वेळी माझी बोटं खुणेवर, त्यांची माझ्या बोटांवर. शेवटचं तिरकं माप त्यांनी स्वतः पट्टीवर चाचपलं, एकेका इंचाच्या खाचेवर नख टेकत. सतरा. त्यांचं समाधान होईना. म्हणाले, "तू नाकं केलीस तसं कर." सहा इंची आठ चकत्या कापल्या, सतरा इंची एक कापली, आणि तराजू टांगला. त्यांनी दोन्ही पारड्यांखाली तळहात धरले. सतराचं पारडं अगदी किंचित खाली गेलं.

"केसभर जड आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, तिनं तेव्हाच सांगितलं होतं, सतराला केसभर कमी.

तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी बाबांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

मी कागद घेऊन बसलो, म्हटलं सांगा, लिहून घेतो. म्हणाले, "तुझ्या हातचं नको. तुझ्या अक्षरातली एक माफी तिला आधीच गेली आहे." पेनानं लिहिलेलं त्यांना कळत नाही. म्हणून रेघा मारायची टोकदार सळई मागितली, आणि तीच सतरा इंची चकती मांडीवर घेतली. डाव्या हाताच्या बोटानं आधीचं अक्षर चाचपायचं, उजव्या हातानं पुढचं कोरायचं. दुपारचा चहा होईपर्यंत चाललं होतं. कुठं अक्षर अक्षरावर चढलं आहे, पण वाचता येईल.

चकती वेगळ्या पार्सलानं पाठवतो आहे, जाड पुठ्ठ्यात बांधून. कडा मी घासून घेतल्या आहेत, हात कापणार नाही. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, पत्र. त्यांना माझी दया आली.

पार्सल उशिरा पोचलं तर म्हणून इथं उतरवतो. त्यात एवढंच आहे:

"सतरा. तुझं बरोबर होतं. अंगण वाकडं होतं आणि मी पाहिलं नाही. माफ कर. बाबा."

तुझा दादा


९ एप्रिल

लाडके टाचणी,

तुझं कार्ड आज सकाळी मिळालं. गुरुवारी दहाची गाडी. नऊ वर्षांत पहिल्यांदा सहीच्या वर काहीतरी लिहिलेलं आहे, ते मी वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. तिनं तुझी खोली कालच झाडून ठेवली होती, कार्ड यायच्या आधीच. या वेळची पैज ती जिंकली.

स्टेशनवर मी येतो. केस गेले आहेत, पोट आलं आहे, ओळखायची खूण एकच, तिचे तीन नमुने तुला माहीत आहेत. रागावायचं असेल तर तिथंच सुरू कर, घरापर्यंत वीस मिनिटं चालत जायचं आहे. मी मधे बोलणार नाही.

बाबांना कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी दाढी करून मागितली, गुरुवारची आजच. नंतर मी तो जुना गुण्या उचलला. म्हटलं, आता तरी हा नीट ऐरणीवर घेऊन सरळ करतो, पणजोबांचा आहे, ती यायच्या आत झालेला बरा. त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि परत मांडीवर ठेवला.

म्हणाले, "हात लावू नकोस. तीन अंश आहेत म्हणते ना ती? येऊ दे. माझ्यासमोर मोजू दे तिला."

तुझा दादा